कानठळ्यांतला होकार

प्रिय आबा,

तुम्ही होतात तेव्हा पत्राच्या वर ‘तीर्थरूप’ लिहीत असे. आज ‘प्रिय’ लिहिलं आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तीर्थरूपांशी भांडता येत नाही.

काल गावकीची बैठक झाली. देवळाच्या मंडपात, नेहमीच्या त्या फाटक्या सतरंज्यांवर. तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिला शिमगा. पालखी सहाणेवर, त्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसली की देवीपुढे गावाचं गाऱ्हाणं कोणी घालायचं, एवढंच ठरवायचं होतं. मी बोलायला उभी राहिले आणि हरले. त्याचं फार वाटत नाही. उभ्या आयुष्यात सभा जिंकल्या तशा हरल्याही आहेत. पण संध्याकाळी देवळातले गोविंद गुरव घरी आले, चहा प्यायले, आणि जाताना जे सांगून गेले ते मला गिळता येत नाही. आईला सांगवत नाही. रत्नागिरीला परत आले, तरी ते डोक्यातून जात नाही. मग उरलं कोण? तुम्हीच.

तुम्ही असं का केलंत, आबा?

थांबा. चिडले की मी शेवटापासून सुरुवात करते, असं तुम्हीच म्हणायचात. क्रमाने सांगते.

तो शब्द मला तुम्हीच दिलात. परसातली विहीर खणताना जांभा संपून काळा दगड लागला होता, आणि सुरुंग लावायला माणसं आली होती. आपण सगळे वर सड्याच्या कातळावर जाऊन बसलो. खाली बार उडाला! करवंदीच्या जाळीतले पक्षी एकदम उठले, आणि आजी ओरडली, “मेल्यांनी कानठळ्या बसवल्यान!” मी विचारलं, “आबा, कानठळ्या म्हंजे काय?” तुम्ही तुमचे रुंद तळहात माझ्या दोन्ही कानांवर दाबून धरलेत. तुमचे ओठ हललेले मला दिसले. मग हात काढलेत.

“काय बोल्लो मी?”

“कळला नाय.”

“जेवायला चल बोल्लो. तुला पोचला नाय. झाल्या कानठळ्या!”

पुढे मी कॉलेजात गेले, कोश चाळायची सवय लागली, तेव्हा हा शब्द मुद्दाम काढून बघितला. तुमचं बरोबर होतं. गोंगाट, दणदणाट, कडकडाट, गलका हे सगळे आवाजाचे शब्द. कानठळ्या हा शब्द आवाजाचा नाहीच, तो कानाचा आहे. मोठ्या आवाजाने कान सुन्न होतो, त्या सुन्नपणाचं ते नाव. आवाज किती मोठा होता, हे तो शब्द सांगत नाही. त्या आवाजापायी काय ऐकायचं राहून गेलं, हे सांगतो. मराठीने ऐकणाऱ्याची बाजू घेऊन केलेला हा शब्द आहे, असं मी किती व्यासपीठांवरून सांगितलं असेल! सांगताना सुरुंग सांगायची, विहीर सांगायची, तुमचे तळहात सांगायची. लोक हसायचे, मग गप्प व्हायचे. तुमच्या नावावर मी पुष्कळ टाळ्या घेतल्या आहेत, आबा.

आणि तुमचा आवाज! आवाज म्हणजे काय, हे मला आधी तुमच्यामुळे कळलं, मग पुस्तकांतून. पालखी सहाणेवर बसली, चांदीची रुपी लागलेल्या देवीपुढे नारळ ठेवला, की तुम्ही धोतराचा सोगा सावरून उभे राहायचात. ढोल थांबायचे. थांबा म्हणून सांगावं लागत नसे कोणाला. मग तुमचा तो पहिला हेल, “हे देवी म्हाराजा, बारा वाड्यांची तू मालकीन...” आणि गावाचं “व्हय म्हाराजा!” आई सांगते, “तुजा बापूस तिकडं बोलाया लागला की मी हितं न्हानीत पानी घेता घेता व्हय म्हाराजा बोलायची. शब्द कवा चुकला नाय.” सहाण कुठे आणि आपलं घर कुठे! मध्ये अख्खी वाडी, पऱ्याचा ओढा, वर चढण.

जो कोण पोटासाठी मुंबईला गेला, जो दर्यावर गेला, ज्या लेकीचं नांदणं अडलं, ज्याचं जनावर हरवलं, सगळ्यांची नावं न घेता तुम्ही सगळ्यांचं मागायचात. प्रत्येक मागण्यापाशी थांबायचात. आणि गाव हो म्हणायचं.

एकदा तुम्ही माझं व्याख्यान ऐकायला शहरात आला होतात. पुढच्या रांगेत बसलात, टोपी मांडीवर. परत येताना रिक्षात म्हणालात, “आवाज चांगला हाय तुजा. पन तू थांबत नायस. मान्सांना व्हय बोलायला जागा ठेवावी.”

मी फटकन म्हटलं, “आणि नाही बोलायला?”

तुम्ही हसलात. “गाऱ्हान्यात नाय कोन बोलतो काय गो!”

मी पुढे वाद घातला नाही, कारण रिक्षावाला आपल्याकडे वळून बघायला लागला होता. पण ते तिथेच राहून गेलं.

मग चाकरमान्यांनी साऊंड आणला.

पहिल्या वर्षीचं तुमचं तोंड अजून डोळ्यांपुढे आहे. ट्रकवर काळ्या खोक्यांची भिंत, तिच्यापुढे निळे-जांभळे झोत, आणि तो ठोका! तो कानाने ऐकायचा नव्हताच, बरगड्यांनी ऐकायचा होता. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून खाली पऱ्याकडे पळाली. लहानग्यांना आयांनी पदरात गुंडाळलं. तुम्ही गाऱ्हाण्याला उभे राहिलात आणि ट्रकवरच्या पोराला हाताने खूण केलीत.

“बंद कर रे!”

“कमी केलाय ना, आजोबा!”

“कमी केलास तो गेला कुटं?”

पोरं हसली. कोणीतरी तुमच्या हातात बिनवायरचा माइक दिला, आणि तुम्ही तो वांगं धरावं तसा देठाकडून धरलात. त्यातून शिट्टीच आली फक्त. शेवटी माइक खाली ठेवून तुम्ही नुसत्या आवाजात गाऱ्हाणं घातलंत. तुमच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या दिसत होत्या. पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे काही पोचत नव्हतं. पण प्रत्येक वेळी तुमचा हात वर गेला की गाव ओरडत होतं, “व्हय म्हाराजा!” हात बघून! कशाला हो म्हणतोय, ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नाही याचं कोणाला काही वाटतही नव्हतं.

त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, हे आईने मला फोनवर सांगितलं.

पुढच्या शिमग्याला मी हातखंब्याच्या तिठ्यावरून आत वळले आणि गावच्या कमानीपाशी गाडी थांबवली. कमानीवर फ्लेक्स होता. ‘कानठळ्या बसवणारा साऊंड! यंदा आपल्या गावात!’ खाली मंडळाच्या मुंबई शाखेचे हसरे चेहरे, मधोमध आपला दिनेश, तुमचा सख्खा पुतण्या, काळा चष्मा लावून. आजीच्या तोंडची शिवी कमानीवर चढली होती, आबा! मेल्यांनी कानठळ्या बसवल्यान, असं म्हणून तिने बोटं मोडली होती. तोच शब्द आता पोरं एकमेकांना शाबासकीसारखा देत होती. “काय वाजवला रे! पार कानठळ्या! कडक!” मी त्यावर रत्नागिरीत एक अख्खं भाषण ठोकलं. तक्रारीचे शब्द बढाईला वापरायला लागलेला समाज बहिरा व्हायला निघाला आहे, असं काहीतरी. गाजलं ते. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, “तू त्या शब्दापायी भांडतेस, मी गाऱ्हान्यापायी. दोगांचा आयकतो कोन?”

ते तुम्ही गमतीत म्हणालात, असं मी धरून चालले. होतं का ते गमतीत?

आणि मग गेल्या वर्षीचा शिमगा. तुमचे गुडघे गेले होते, म्हणून मी तुमचं कोपर धरून सहाणेवर उभी होते. एरवी बायका उभ्या राहतात तिथे, फणसाखाली, माझी जागा. त्या दिवशी केवळ तुमच्या गुडघ्यांमुळे मी पालखीच्या इतक्या जवळ होते. तुमच्या दुसऱ्या हाताला गोविंदकाका, नारळ घेऊन. ट्रक आला होताच. पण त्या वर्षी पोरांना काय वाटलं कोण जाणे, दिनेश स्वतः पुढे आला, तुमच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “काका, तुमचं होईपर्यंत पूर्ण बंद ठेवतो. शब्द देतो.”

आणि तुम्ही म्हणालात, “वाजू दे.”

दिनेशला वाटलं, त्याने नीट ऐकलं नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात, “पोरांचा सन हाय. वाजू दे.”

केवढे खूश झाले सगळे! आबा बदलले, आबांनी पोरांना समजून घेतलं. मला मात्र वाटलं, तुम्ही थकलात. तुम्ही सगळा भार माझ्या हातावर टाकलात. ते गुडघ्यांमुळे, असं मी समजले.

तुम्ही गाऱ्हाणं सुरू केलंत. माझा कान तुमच्या तोंडाजवळ होता म्हणून मला ऐकू आलं. नेहमीचंच सगळं. आणि शेवटी, नारळ फोडायच्या आधी, तुम्ही म्हणालात, “आनि देवी म्हाराजा, माज्या मागारी ह्या गाऱ्हाना माजी लेक घालील. कोनी आडवा येऊ नये म्हाराजा!” हात वर गेला.

“व्हय म्हाराजा!”

अख्खं गाव! बारा वाड्या! जे मानकरी गावकर बाईने सहाणेची पायरी चढलेली बघून तोंड फिरवतात, तेही! माझ्या अंगावर काटा आला, आबा. तुमचं कोपर मी आणखी घट्ट धरलं.

परतताना गाडीत विचारलं, “आबा, शेवटी काय बोललात तुम्ही?”

“देवीला सांगितला. तुला कुटं सांगितला?” आणि खिडकीबाहेर बघत म्हणालात, “रातांबे यंदा कमी दिसतत.”

मग पावसाळ्यात तुम्ही आजारी पडलात आणि माझ्याकडे रत्नागिरीत, नाचण्याच्या फ्लॅटवर येऊन राहिलात. तो आवाज, ज्याला चढण अडवू शकली नाही, तो इतका बारीक झाला की तुमच्या ओठांशी कान न्यावा लागे. फ्लॅट शांत असायचा. पंखा आणि तुम्ही. तेव्हा किती बोललात! गोठ्याचं बोललात, कुंपणाचं बोललात, आईला एकटी ठेवू नको म्हणालात. गाऱ्हाण्याचं एक अक्षर नाही. त्या शांत खोलीत तुम्हाला मला सांगता आलं असतं, की बाय, मी असं असं केलंय. का नाही सांगितलंत? मी रागावेन असं वाटलं? रागावले असतेच. पण तुमच्यासमोर रागावले असते. आता या कागदावर रागावते आहे, याला काय अर्थ आहे?

असो. कालची बैठक.

अनंतनाना गावकर मध्ये बसले होते. मी हात वर केला तर म्हणाले, “हां बाय, बोल. पन थोडक्यात. व्याख्यान नको.” मंडप हसला. मीही हसले. मग उभी राहून सांगितलं. तुम्ही गेल्या शिमग्याला देवीपुढे काय म्हटलंत, आणि गावाने त्यावर काय म्हटलं. गावाच्या होकाराची आठवण द्यायला उभी आहे, म्हटलं. दान मागायला नाही.

मग सतरंज्यांवरून एकेक आवाज उठला.

“कंदी बोल्ले? मी तर फुडंच व्हतो.”

“आयकू येनार कसा रे? कानठळ्या बसलेल्या!”

“माज्या बी. दोन दिवस कान गुईं करत व्हता.”

“बाई गाऱ्हाना घालते, आयकलास तरी काय कंदी?”

खांबापाशी बसलेल्या पार्वतीवैनी म्हणाल्या, “घालू दे की! आवाज तिलाच हाय. तुमी समदे नुसते खोकताव.” पण त्यांचं तिथे चालतं कुठे?

मग दिनेश उठला. तो भांडायला उठला असता तर मला सोपं गेलं असतं. तो अगदी नीट बोलला. “ताई, राग मानू नको. तुझं एक भाषण मी मोबाईलवर ऐकलंय. ग्रामसभेत वाचून न दाखवता अंगठे घेतात, त्याच्यावर होतं. तू म्हणालीस, जे ऐकलंच नाही त्याला दिलेला होकार हा होकार नव्हे. मी तिथे मुंबईत बसून टाळी वाजवली गं. सगळ्यांना दाखवलं, ही आमची ताई. मग आता आमचा होकार होकार कसा?”

आबा, व्यासपीठावर मला निरुत्तर करणारे मोठमोठे लोक मी पाहिले आहेत. माझंच वाक्य मला परत आणून देणारा हा पहिला.

मी गोविंदकाकांकडे वळले. माझा शेवटचा आधार. “काका, तुम्ही आबांच्या हाताशी होतात. तुम्ही तर ऐकलंत.”

त्यांनी समईची वात पुढे सारली. वात चांगली जळत होती, तरी सारली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाय, माज्या बी कानठळ्या बसल्या व्हत्या.”

झालं. तुमचा मान दिनेशकडे गेला. नानांनी त्याचं नाव पुकारलं, सगळ्यांनी हात वर केले. ते मात्र सगळ्यांनी नीट ऐकलं होतं.

आजीची शिवी, पोरांची बढाई, आणि आता अख्ख्या गावाची पळवाट! एका शब्दाचं एवढ्या वर्षांत इतकं व्हावं? कान सुन्न होणं ही आपल्यावर ओढवलेली आपत्ती होती. आता तिच्या आड उभं राहता येतं. मला ऐकू आलं नाही, म्हणजे मी बांधला गेलो नाही. आणि त्या मंडपात कोणी धडधडीत खोटं बोलत नव्हतं, आबा. एक गोविंदकाका सोडून. बाकीच्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी काका पडवीवर आले. आईने चहा दिला, साखर जास्त झाली म्हणून काकांनी तिच्याशी वाद घातला, ती आत गेली. मग कपातच बघत म्हणाले, “आयकला मी. शब्दन् शब्द आयकला.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला देवळात ऱ्हायचा हाय, बाय. माज्या पोराला पन.” एक घोट घेतला. “आनि तुला सांगू? तुजा बापूस मला आदीच बोल्लेला. आठवडाभर आदी. मी बोल्लो, आबा, गावकीत ठेव विषय. उघड ठेव. तर बोल्ला, उघड ठेवला तर नाय बोलतील. मी बोल्लो, बोलू देत. तर बोल्ला, गोविंदा, माज्या जल्मात मी गावाच्या तोंडून नाय आयकला नाय. आता मरताना आयकायचा नाय. त्यो ट्रक वाजंल ना, तवाच सांगतो.”

कप खाली ठेवून ते गेले. 

म्हणजे तुम्ही थकला नव्हतात! पोरांना समजूनही घेतलं नव्हतंत! ज्या गोंगाटाने तुमचं गाऱ्हाणं खाल्लं, त्याच गोंगाटाच्या आड तुम्ही माझं नाव लपवून देवीपर्यंत नेलंत, आणि गावाचा होकार त्याच्या खिशातून काढून घेतलात, त्याला न कळू देता! आणि हे माझ्यासाठी. प्रेमापोटी. हेच तर मला सोसत नाही. तुम्ही माझ्या आड आला असतात तर मी तुमच्याशी लढले असते. तुम्ही मला चोरून दिलंत. ते मी कुठे ठेवू?

एका नकाराला एवढे घाबरलात? तुम्ही? विहीर खणू द्यायची नाही म्हणणाऱ्या अख्ख्या भावकीसमोर एकटे उभे राहणारे तुम्ही? मला वाटतं, आयुष्यभर ‘व्हय’ ऐकत आलेल्या माणसाला नकाराची सवयच राहत नाही. तुमचा दोष नाही म्हणावंसं वाटतं, आणि म्हणवतही नाही. गावाने नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? मी ऐकलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं असतं. पार्वतीवैनींसारखी चार माणसं जमवली असती. दहा शिमगे गेले असते. पण नकार उघड असता तर त्याच्याशी वाद घालता आला असता. तुम्ही घेतलेल्या होकाराशी कसा वाद घालू? तो माझ्या बाजूचा आहे, आणि तो खोटा आहे.

रागाबरोबर दुसरंही येतं, तेही सांगते. तुम्ही सगळं बोलून झाल्यावर, अगदी शेवटी, माझं मागितलंत. ‘माजी लेक’ म्हणताना तुमचा आवाज फुटला. तो फुटलेला फक्त मी ऐकला. गावाने नाही, गोविंदकाकांनीही कदाचित नाही. ट्रकचा ठोका बरगड्यांत वाजत होता आणि माझ्या कानाशी तुम्ही मला जगापुढे उभी करत होतात. कोणत्या लेकीला हे मिळतं? ते मी कोणाला देणार नाही, परतही करणार नाही. पण त्याच्या जोरावर सहाणेवर चढणारही नाही.

आईला अजून वाटतं की मी नीट बोलले नाही म्हणून मान गेला. “तुज्या बापसाची विच्छा व्हती गो. जरा मऊ बोलायचीस,” असं काल पानावर बसल्यावर म्हणाली. मी आमटी वाढून घेतली. तिच्या लेखी तुम्ही जसे होतात तसेच राहा.

उद्या सकाळी अनंतनानांना फोन करणार आहे. सांगणार आहे की आबांच्या त्या शब्दांवर मी यापुढे हक्क सांगत नाही. गावाने ते ऐकलं नव्हतं, तेव्हा गावाने हो म्हटलेलंच नव्हतं.  नाना म्हणतील, बरा झाला बाय, वाद मिटला.

वाद मिटणार नाही, आबा. एवढं मात्र मी तुम्हाला आज कबूल करते. यंदा शिमग्याला मी जाईन. फणसाखाली, बायकांत उभी राहीन. दिनेश माइक घेऊन गाऱ्हाणं घालील, मागे ट्रक वाजत असेल, त्याचा हात वर जाईल आणि गाव ओरडेल. मी ओरडणार नाही. आवाज उतरला की त्या फटीत मी म्हणेन, “दिनेश, ऐकू नाही आलं. पुन्हा सांग.” लोक वळून बघतील. हसतील. कोणी म्हणेल, बापाचा मान गेला म्हणून जळते. पुढच्या मागण्यापाशी मी पुन्हा तेच म्हणेन. गाऱ्हाण्यात असं आजवर कोणी केलेलं नाही, ठाऊक आहे. माझाही आवाज त्या ठोक्यात जाईल, तेही ठाऊक आहे. तरी दर वर्षी जाईन आणि दर वर्षी विचारीन. आणि ज्या वर्षी ट्रक बंद ठेवून, माझं नाव नीट ऐकून, गाव मला ‘नाय’ म्हणेल, त्या वर्षी मी घरी येऊन तुमच्या फोटोसमोर बसेन आणि तो नकार तुम्हाला शब्दन् शब्द सांगेन.

तोवर तुमच्यावर रागावलेली आणि तुमचीच,

बाय